नेट्स क्रिकेटचे, पण आमचा बेसबॉलवाला पोट्टा इथंच ताळ्यावर आला (५ पैकी ४ स्टार)

रिव्ह्यू मोठा आहे. ज्याला फक्त रेट पाहिजे त्यानं एवढं वाचा न् निघा: तासाचे ४०० रुपये, बॉलिंग मशीनसकट ५५०, सकाळी ६ ते ८ मुलांची बॅच असते म्हणून फोन करूनच या, टर्फ बरा आहे, दोन नंबरच्या नेटला भोक आहे (ते आमच्याच कृपेनं, खाली सांगतो) आणि वॉशरूमबद्दल न बोललेलं बरं, एक स्टार तिथंच कापला.

आता खरी गोष्ट. माझी ताई टेक्सासला राहते, तिचा पोट्टा अकरावीत, शाळेच्या बेसबॉल टीमचा कॅचर. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच समजा, फक्त सगळं मैदान त्याच्या तोंडासमोर असते म्हणून ओरडून टीम जागी ठेवायचं कामही त्याचंच. डिसेंबरात घरच्या लग्नासाठी तीन आठवडे नागपूरला आला. फेब्रुवारीत शाळेचा सीझन सुरू होणार, कॉलेजचे कोच याच वर्षी पाहणार आणि हा इकडे हळदीत बसलेला, तोंड असं की लग्न याचंच जबरदस्तीनं लावून राहिले.

त्यातून तो फोन. दर पाच मिनिटांनी मेल उघडायचा, बंद करायचा, उघडायचा. तिकडं नियम असा आहे की डिव्हिजन वनचे (कॉलेजच्या खेळातली सगळ्यात वरची पातळी) बेसबॉल कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासूनच पोरांशी बोलू शकतात, म्हणजे याचं खातं उघडून चार महिने होऊन गेले होते न् कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ताई-जिजाजींनी तिथल्या एका रिक्रूटिंग सर्व्हिसला डॉलर मोजले होते, नाव घेत नाही, त्यांनी प्रोफाईल बनवलं न् एकच मेल दीडशे कॉलेजांना पाठवून दिला. लग्नाच्या पत्रिकेवर तरी लोकं पाहुण्याचं नाव लिहितात, यात तेही नव्हतं. बदल्यात आली पैसे भरून यायच्या कॅम्पची आमंत्रणं आणि पोट्टा त्यालाच सिलेक्शन समजून बसला होता.

नागपुरात बेसबॉलचं नेट कुठं शोधू, म्हणून इथं घेऊन आलो. इथले सर युनिव्हर्सिटीला सॉफ्टबॉल खेळलेले निघाले (विदर्भात सॉफ्टबॉल खेळलेले लोकं कमी नाहीत, फक्त आपण विचारत नाही). पहिल्याच दिवशी त्यांनी टेप काढला, पिचर (त्यांचा बॉलर) ते होम प्लेट (बॅटिंगवाला उभा राहते ती जागा) किती विचारलं, साठ फूट सहा इंच, म्हणजे आपल्या पिचपेक्षा साडेपाच फूट कमी, तेवढ्यावर मशीन सरकवली, कोन वर केला आणि फुलटॉस सोडायला लागले. बेसबॉल मशीनमध्ये चालत नाही, तेच खड्डेवाले बॉल. वेग १३० लावला, म्हणजे त्यांच्या हिशोबानं ऐंशी मैल. पहिला शॉट लागला आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटचा ठण्णकन आवाज आला तसे बाजूच्या नेटमधले सगळे पोट्टे खेळ सोडून जाळीला चिकटले.

मग दहा बॉलमधले सहा हुकले न् यानं बॅट आपटली. सरांनी मशीनच बंद केली. शिव्या नाही, लेक्चर नाही, फक्त विचारलं, "तुझ्या गेममध्ये दहातले किती मारले की चांगला प्लेअर म्हणतात बेटा?" पोट्टा म्हणे, तीन. "मग तू तर चार मारले, राग काहून येऊन राहिला?" मला हसू आलं, त्याला नाही आलं.

नंतर पोह्याच्या टपरीवर सर बोलले ते मला पटलं. त्यांनी विदर्भाच्या ट्रायल्सला बरेच पोट्टे पाठवले आहेत. म्हणे, सिक्स मारल्यावर सगळेच छान दिसतात, सिलेक्टर झाडाखाली बसून पाहते ते बोल्ड झाल्यावर काय करतो, पॅव्हेलियनकडे कसा चालतो, पाणी द्यायला कोण पळते, आईनं डबा आणला तर तिच्याशी कसा बोलते. पोट्टा चूप. मग हळूच म्हणे, मामा, आमच्या कोचनं पण सेम सांगितलं होतं, कॉलेजवाले वॉर्मअपपासून बघतात, स्ट्राईकआऊट (तीनदा हुकून आऊट) झाल्यावर डगआऊटमध्ये (टीम बसते तिथं) काय करतो ते बघतात. म्हणजे माहीत सगळं होतं, कानावरून गेलं होतं. तर्रीचा पहिला घास खाऊन डोळ्यात पाणी आलेलं असताना बहुतेक आत शिरलं.

दुसरं भूत म्हणजे डिव्हिजन वन नाही तर काहीच नाही. सरांना तिकडचं काही माहीत नव्हतं म्हणून ते विचारत गेले आणि याला सांगता सांगता स्वतःलाच कळत गेलं. डिव्हिजन वनमध्ये तीनेकशे टीम, आधी अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप असायच्या, कोच त्या तुकडे करून वाटायचे. २०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायच्या नवीन सिस्टीममध्ये गेलेल्या कॉलेजांना ती ११.७ ची मर्यादा गेली पण टीममध्ये ३४ च पोरं ठेवायची. वरून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी), म्हणजे दुसऱ्या कॉलेजातला बावीस वर्षांचा तयार गडी मिळत असताना कोच सतरा वर्षांच्या पोट्ट्याची वाट काहून पाहीन? हे ऐकून सर म्हणाले, "मग तुले पाहत नाही यात तुझा अपमान कुठं आहे? त्याची जागाच भरली आहे." डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते पण मार्कांवर न् घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, ज्युनिअर कॉलेजात (आपली अकरावी-बारावी नाही, तिकडं बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) दोन वर्षं खेळून पुढं जाता येते, हे पोट्ट्यालाच माहीत होतं, फक्त तोंडातून काढायची लाज वाटत होती.

आणि अभ्यास. डिव्हिजन वनला शाळेचे १६ कोअर विषय लागतात न् त्यात किमान २.३ जीपीए (मार्कांची सरासरी, ४ पैकी), याचे मार्क बरे होते पण केमिस्ट्री वाऱ्यावर सोडली होती. इथं सरांनी आपल्या फास्ट बॉलर रजनीश गुरबानीचं उदाहरण दिलं, सिव्हिल इंजिनीअरिंगची डिग्री घेतलेला पोरगा, आणि २०१७-१८ च्या रणजी फायनलला इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅट्रिक घेतली, विदर्भाची पहिली रणजी. पोट्ट्यानं लगेच मोबाईलवर हॅट्रिकचा व्हिडिओ शोधला. केमिस्ट्रीचं पुस्तक मात्र दोन दिवसांनी उघडलं.

काम काय केलं म्हणाल तर, सरांनी वहीत दोन रकाने पाडायला लावले, रोजचं हातातलं आणि हाताबाहेरचं. रिप्लाय हाताबाहेर. किती थ्रो केले, झोप किती, किती मेल स्वतः लिहिले हे हातातलं. मेल तपासायची वेळ दिवसातून एकदा, रात्री जेवल्यावर. दीडशेची यादी फाडून बारा कॉलेजं निवडली, ज्यांचे कॅचर पुढच्या दोन वर्षांत पास होऊन निघून राहिले अशी. प्रत्येक मेलमध्ये कोचचं नाव, कॉलेज काहून आवडलं ते एका ओळीत, मार्क, व्हिडिओची लिंक आणि बस. जिजाजींचा रोज फोन यायचा, मी लिहून देऊ का म्हणून, तर एक दिवस सरांनी फोन घेतला न् म्हणाले, "जावईबापू, कोचला पोरगा पाहिजे, तुम्ही नाही." तिकडून दोन सेकंद आवाज नाही. मी आपला चहा प्यायला लागलो.

थ्रोचं सांगायचं राहिलं. कॅचरला बॉल हातात आल्यापासून सेकंड बेसवरच्या (समोरचा दुसरा टप्पा, तिथं पळणाऱ्याला आऊट करतात) ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ मोजतात, अंतर १२७ फूट, दोन सेकंदांच्या आसपास आला म्हणजे कॉलेजवाले मान वर करतात. नेट तेवढं लांब नाही म्हणून मागच्या मोकळ्या जागेत मोजलं, सेकंड बेसला मी. बेसबॉल आपल्या लेदर बॉलपेक्षा हलका असतो या भरवशावर उभा राहिलो, तरी पहिल्या दिवशी ग्लव्हमधला तळहात लाल झाला. पोट्टा २.१५ वर होता, जाताना २.०८. फार नाही, पण वहीत लिहिलं आहे. भोकाची भानगड त्यातलीच, एक थ्रो माझ्या डोक्यावरून गेला न् दोन नंबरच्या जाळीत घुसला.

परत गेल्यावर बारापैकी दोघांचे रिप्लाय आले. एक म्हणे आमच्याकडे जागा नाही, दुसरा म्हणे मार्चमधल्या मॅचचा व्हिडिओ पाठव. ताई सांगत होती की "जागा नाही" वाला मेल आला तेव्हा यानं थँक्यू लिहून पाठवलं न् जेवायला बसला.

मशीन जुनी आहे, मध्येच एखादा बॉल भलतीकडे फेकते, हेल्मेट घालूनच उभं राहा. पार्किंगला चारचाकी आणू नका. सर जाळीच्या भोकाचे पैसे घेत नाहीत, दोनदा देऊन पाहिले, कोणी तिथं जाऊन राहिलं तर माझ्या नावानं ठेवून या.