ट्रेलरमधली कंपनीची सोलर वायर वापरायची की नवी टाकायची?

ट्रॅव्हल ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरावर, 'सोलर रेडी' असं स्टिकर दिसलं म्हणून लगेच पॅनेल विकत घेऊ नका. या स्टिकरचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते. काही ट्रेलरमध्ये छतापासून आत कंट्रोलरच्या (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) जागेपर्यंत वायरची जोडी खरोखर टाकलेली असते. काहींमध्ये बाहेरच्या भिंतीवर पॅनेल जोडायचा नुसता एक पोर्ट (सॉकेट) असतो, तो थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि छतावर काहीच नसतं.

छतावर वायरची डबी असेल तर तिचं झाकण उघडून आधी मल्टीमीटरने व्होल्टेज मोजा. पॅनेल लावलेलं नसतानाही १२-१३ व्होल्ट दिसले, तर ती वायर मध्ये कंट्रोलर न येता सरळ बॅटरीला गेली आहे. अशा वायरची टोकं चुकून एकमेकांना लागली तर ठिणगी उडेल आणि फ्यूज जाईल, तेव्हा जपून. शून्य दिसलं तर आतली जोडी शोधायची: बहुतेकदा कंट्रोल पॅनेलच्या मागे किंवा पुढच्या सामानाच्या कप्प्यात, टोकांना टेप गुंडाळलेली सापडते. वायरच्या आवरणावर गेज, म्हणजे जाडीचा आकडा, छापलेला असतो, टॉर्च मारून तो वाचून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. वायरचे दोन तुकडे वेगळे धरून विचार करा: छत ते कंट्रोलर आणि कंट्रोलर ते बॅटरी. पहिल्या तुकड्यासाठी कंपनीची वायर बहुतेकांना पुरते. दुसऱ्यासाठी ती बहुतेकांना पुरत नाही, आणि पॅनेल चांगली असूनही बॅटरी भरत नाही या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पहिल्या तुकड्याचं गणित बघू. कंपन्या सहसा १० गेजची तांब्याची वायर टाकतात, म्हणजे साधारण ५.३ चौरस मिमी. तिचा रोध मीटरला सुमारे ३.३ मिलीओहम. अंतर ८ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १६ मीटर, म्हणजे ०.०५३ ओहम. आता २०० वॉटची दोन पॅनेल घ्या, प्रत्येक २० व्होल्टला १० अँपिअर देणारं. पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडली तर वायरमधून २० अँपिअर जातात, एक व्होल्टहून जास्त वाटेतच पडतो आणि २१ वॉट वायर तापवण्यात जातात. तीच सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडली तर ४० व्होल्टला १० अँपिअर, आणि नुकसान जेमतेम ५ वॉट. करंट निम्मा झाला की नुकसान पावपट होतं. चार पॅनेल लावायची असतील तर दोन-दोनच्या सिरीज जोड्या पॅरलल करा: ८०० वॉट असूनही वायरमध्ये २० अँपिअरच राहतात. एवढ्यासाठी छताला नवं भोक पाडायची मला गरज दिसत नाही. कंपनीची वायर १२ गेजची, म्हणजे आणखी बारीक, निघाली तर मात्र एका सिरीज जोडीवरच थांबावं.

सिरीजसाठी एमपीपीटी कंट्रोलर हवाच, म्हणजे पॅनेलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा. ट्रेलरबरोबर आलेला कंट्रोलर अनेकदा पीडब्ल्यूएम, म्हणजे साध्या प्रकारचा, असतो. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो आणि करंट तेवढाच राहतो. म्हणजे ४० व्होल्टच्या जोडीतून १० अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, ४०० वॉटमधले १३० हातात. शिवाय इतकं व्होल्टेज त्याला झेपेल याची खात्री नसते. एमपीपीटी निवडतानाही थंडीचा हिशोब धरा. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) २५ अंशांखाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के वाढतं. असं २४ व्होल्ट देणारी चार पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर ९६ व्होल्ट होतात, आणि उणे १० अंशांच्या सकाळी तेच १०६ पर्यंत जातात. १०० व्होल्टचा कंट्रोलर त्यात कायमचा जाऊ शकतो.

मग नवी वायर कधी? झाडांखाली मुक्काम करायची सवय असेल, किंवा छतावरच्या एसीची सावली रोज एखाद्या पॅनेलवर पडणारच असेल, तर पॅरलल जोडणी जास्त हाती लागू देते आणि तिला जाड वायर लागते. किंवा कंपनीची वायर मध्येच कुठेतरी तुटलेली निघाली तर. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर त्याच्या छतावरच्या व्हेंटमधून नवी वायर सरळ खाली येते आणि नवं भोकच लागत नाही. कॉम्प्रेसरचा फ्रिज असलेल्या नव्या ट्रेलरमध्ये तो व्हेंट नसतो, तिथे बहुतेकदा छताला भोक पाडावं लागतं. हे काम हलक्यात घेऊ नका. छताच्या रबरी थराखाली बहुतेकदा पातळ प्लायवूड असतं. पाणी शिरलं की ते आतून नरम पडत जातं आणि पाय खचेपर्यंत वरून काही कळत नाही. वायरच्या प्रवेशाच्या डबीखाली ब्यूटिल टेप, वरून स्वतः पसरणारा छताचा सीलंट, आणि डबीचं तोंड ट्रेलरच्या मागच्या बाजूला, म्हणजे धावताना पाऊस आत घुसत नाही. ईपीडीएम (छतासाठी वापरतात त्या एका प्रकारच्या) रबरावर सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे छत कशाचं आहे ते बघूनच सीलंट घ्या.

आता दुसरा तुकडा. स्क्रीन दिसावी म्हणून कंपनी कंट्रोलरची जागा आतल्या भिंतीवर ठेवते, आणि बॅटरी असते पुढे हिचजवळ, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात तिथे. मध्ये ६ मीटर. ४०० वॉटला बॅटरीच्या बाजूचा करंट २८ अँपिअरच्या आसपास जातो. १२ मीटर १० गेजमध्ये ०.०४ ओहम, म्हणजे १.१ व्होल्ट वाटेत गेले. कंट्रोलर स्वतःपाशी १४.४ मोजतो, बॅटरीला मिळतात १३.३, आणि बॅटरी भरत आली असं समजून तो वेळेआधीच करंट आवरायला लागतो. छताकडच्या एक व्होल्टपेक्षा इथला एक व्होल्ट कितीतरी महाग पडतो.

म्हणून मला सगळ्यात पटणारी रचना अशी: कंट्रोलर बॅटरीपाशी आणा आणि भिंतीतल्या जागेत छतावरून आलेली जोडी बॅटरीकडे जाणाऱ्या जोडीला सरळ जोडून टाका. त्याआधी बॅटरीकडचं टोक सोडवायचं, आणि त्या वाटेवर १२ व्होल्टचा ब्रेकर असेल तर काढायचा, कारण तो ४०-८० व्होल्ट डीसीसाठी बनलेला नसतो. आता कंपनीच्या दोन्ही वायरी मिळून १४ मीटरची एकच जोडी झाली. सिरीजच्या १० अँपिअरला तिच्यात ९ वॉट जातात, ४०० मधले सव्वादोन टक्के. नवी वायर लागते ती कंट्रोलर ते बॅटरी एवढीच, दीड-दोन मीटर. ती १६ चौरस मिमीची घ्या, ३० अँपिअरच्या कंट्रोलरला ४० अँपिअरचा फ्यूज अगदी बॅटरीजवळ लावा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीच्या बंद पेटीत मात्र कंट्रोलर ठेवू नका, चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट.

बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच असेल तर सोलरची वायर त्याच्या बॅटरीकडच्या बाजूला हवी. कंपनीने ती दुसऱ्या बाजूला जोडलेली असेल, तर ट्रेलर उभा करून स्विच बंद केल्यावर छतावर कितीही ऊन असलं तरी बॅटरीला काही मिळणार नाही.

भिंतीवरच्या पोर्टकडे छताला पर्याय म्हणून बघू नका. ट्रेलर सावलीत ठेवून एखादं फोल्डिंग पॅनेल उन्हात टाकायला तो उत्तम. पोर्ट थेट बॅटरीला गेला असेल तर पॅनेलला स्वतःचा कंट्रोलर हवा, आणि कंट्रोलरमधून गेला असेल तर पॅनेलवर दुसरा कंट्रोलर नको. झॅम्प या सोलर कंपनीच्या पोर्टवर प्लस-मायनस नेहमीच्या एसएई प्लगच्या (१२ व्होल्टच्या दोन टोकांच्या प्लगच्या) उलट असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं पॅनेल लावण्याआधी दोन्ही टोकं मल्टीमीटरने तपासा. लागेल तो उलटापालटा करणारा अॅडॉप्टर तयार मिळतो.