मनालीतला आमचा लोखंडी तंदूर : दोन हिवाळे वापरल्यावर

कराडहून मनालीला येऊन आमचा दुसरा हिवाळा सरत आलाय. ह्यांची नोकरी रस्त्याच्या कामावर, त्यामुळे बिऱ्हाड हलवायची सवय आहे, पण बर्फात संसार करायची नव्हती. इकडे बदली झालेल्या मराठी घरांतून मला हमखास एक फोन येतो, ‘ताई, हीटर कुठला घेऊ?’ म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हीटर नंतर बघा. आधी तंदूर घ्या.

तंदूर म्हटलं की आपल्याला रोटीची भट्टी आठवते. इथला तंदूर म्हणजे चार पायांवर उभी जाड पत्र्याची पेटी. समोर लाकूड घालायचं दार, खाली राखेचा खण, वर सपाट पत्रा. मागून पाइप निघतो आणि खिडकीच्या एका काचेऐवजी लावलेल्या पत्र्यातून बाहेर जातो. पाइपात एक चावी असते. ती आडवी केली की ओढ कमी होते आणि लाकूड सावकाश जळतं. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे यंत्र बघताक्षणी कळेल. माझ्या आजोळी होता. सकाळी त्यात चिपाडं सारायचं काम माझ्याकडे असायचं, ते इथे चाळिशीत परत हातात आलं.

पहिल्या वर्षी आम्ही पुण्यातून विजेवरचा तेलाचा हीटर आणला होता. चांगला महागाचा. जानेवारीत मोठा बर्फ पडला आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा. दोन्ही मुलांना मधे घेऊन चार रजया एकावर एक घातल्या, तरी त्याची पावलं गरम होईनात. रात्रभर मी ती तळहातात धरून बसले होते. उजाडल्यावर घरमालकीण दादी वर आल्या, काही न बोलता आम्हाला खाली घेऊन गेल्या आणि त्यांच्या तंदूरशेजारी बसवलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही आमचा करायला टाकला.

बाजारात तयार मिळतात, पण आम्ही खाली कुल्लूकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. पाइप, कोपरे धरून पाच हजार दोनशे रुपये पडले. पत्रा जाडच मागा. पातळ पत्रा पहिल्याच हिवाळ्यात तापून वाकतो आणि मग दार नीट बसत नाही. पाइप बसवणाऱ्यावर मात्र नजर ठेवा. आमच्या मिस्त्रीने प्रत्येक वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून चढवला. आठवड्याभरात सांध्यांतून डांबरासारखं काळं पाणी भिंतीवर ओघळायला लागलं. दादी बघून म्हणाल्या, “बेटा, पाइप उलटा लगा दिया.” वरचा तुकडा खालच्याच्या आत जायला हवा, म्हणजे ओल्या लाकडाचा तो चीक आतल्या आत उतरून परत आगीत पडतो. पाइप काढून उलटा बसवला आणि ओघळ थांबले. भिंतीवरचा डाग अजून आहे.

आता गुण. देवदाराच्या दोन ढलप्या आणि जुना कागद, एवढ्यावर पेटतो. वीस मिनिटांत बारा बाय चौदाची खोली स्वेटर काढण्याइतकी ऊबदार होते. वरच्या पत्र्यावर दिवसभर पाण्याचं पातेलं असतं, त्यामुळे भांडी आणि हातपाय धुवायला गॅस जळत नाही. गावाहून जोंधळ्याचं पीठ येतं. भाकरी तव्यावर भाजून दारातल्या निखाऱ्यांवर चिमट्याने धरली की टम्म फुगते. वांगं तर थेट निखाऱ्यात ढकलते, गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला ती चव नाही. इथल्या थंडीत विरजण लागत नाही ही आपल्या बायकांची मोठी तक्रार. दुधाचं भांडं टॉवेलात गुंडाळून तंदूरपासून दोन हातांवर ठेवा, सकाळी कवडीदार दही. दादी सिड्डूचं, म्हणजे इथल्या वाफवलेल्या भरल्या रोटीचं, पीठ फुगायला तिथेच ठेवतात.

पण मला तो सगळ्यात आवडतो तो बाहेरून भटकून आल्यावर. मागच्या रविवारी मुलांना घेऊन लाहौल भागातल्या सिस्सू गावाला गेलो होतो. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल महिनोन् महिने तुटायचा. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला. 9.02 किलोमीटर पार केले की आपण पलीकडे चंद्रा नदीच्या खोऱ्यात, सकाळी निघून दुपारी घरी. थोरलीने घसरगुंडी केली, धाकट्याने हातमोजे ओलेचिंब केले. परत येईपर्यंत दोघांचे ओठ निळसर. दार उघडल्याबरोबर ह्यांनी तंदूर पेटवला. त्याच्यावर मी सुतळी बांधलीय, तिच्यावर आठ मोजे आणि चार हातमोजे ओळीने टांगले. आधी लोकरीतून वाफ निघाली, मग ओल्या मेंढीसारखा वास, मग खोलीभर देवदाराचा. थोरली पाटावर बसून मोजे उलटेपालटे करत होती आणि प्रत्येक मोजा गालाला लावून “आई, हा झाला” असं सांगत होती. कराडच्या घरी संध्याकाळी चौघे चार खोल्यांत असायचो. इथे पाच महिने एकाच खोलीत असतो. अभ्यास, जेवण, भांडणं, सगळं तंदूरभोवती. मला हे फार आवडतं.

आता दोष, तेही तितकेच खरे. पत्रा ऊब धरून ठेवत नाही. आग विझली की तासाभरात खोली गार, पहाटे तीनला रजईच हवी. आणि रात्रभर तो धुमसत ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या इथे दर हिवाळ्यात येतात. तंदूरचा धूर बाहेर जातो, पण पाइप काजळीने तुंबला तर शेगडीतला तोच विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, घरात येतो, आणि त्याला वास नसतो. आम्ही झोपण्याआधी आग पूर्ण विझवतो, खिडकीची वरची झडप बोटभर उघडी ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी पाइप खाली उतरवून झाडतो. ते काम घाणेरडं आहे, अर्धा दिवस जातो, पण त्याला सुट्टी नाही.

लहान मूल असेल तर भोवती जाळी करून घ्या. आमची जाळी धाकट्याचा तळहात पोळल्यानंतर आली. फोड आठ दिवसांत बरा झाला, माझ्या मनातून तो अजून गेलेला नाही.

राखेची धूळ रोज पुसावी लागते. जळणाचा खर्चही धरा. कडाक्याच्या थंडीत आम्हाला दिवसाला दहा-बारा किलो लाकूड लागतं. कैल (इथला एक पाइन) आणि देवदार भुर्रकन पेटतात पण काजळी फार धरतात. पेटवायला ते, पुढे सफरचंदाचं लाकूड. बागांची छाटणी हिवाळ्याच्या शेवटी होते, तेव्हाच बागवाल्यांशी बोलून फांद्या घ्या आणि उन्हाळाभर छपराखाली वाळवा. ऐन डिसेंबरात घेतलेलं लाकूड ओलं निघतं, नुसतं सुंसुं करतं आणि पाइप भरून टाकतं.

तंदूर सप्टेंबरातच करायला टाका, दिवाळीनंतर वेल्डिंगवाल्यांना फुरसत नसते. आमच्या वरच्या पत्र्याला एका कडेने थोडा बाक आलाय, तेवढा या वर्षी बदलून घेणार आहोत. सफरचंदाची सव्वा क्विंटल लाकडं अजून जिन्याखाली आहेत, एप्रिलच्या रात्रींना तीही लागतील.