जेव्ही-१०८०: मशीन ठणठणीत, घोळ वायरीत

रोलंडचा हा साउंड मॉड्यूल (स्वतःच्या पट्ट्या नसलेला, कीबोर्ड किंवा कॉम्प्युटरवरून वाजवायचा आवाजांचा डबा) सेकंड हँड घेतला आणि पावसाळ्यापासून वापरतोय. एका वेळी ६४ आवाज, १६ पार्ट (एकाच वेळी वेगवेगळी वाद्यं), जादा आवाजांच्या चार बोर्डांची जागा हे सगळ्यांना पाठ आहे, परत लिहीत नाही. १९९४ चं मॉडेल आता कशाला, त्याच जातीचे आवाज सॉफ्टवेअरमध्ये मिळतात की, असं सगळे म्हणतात. खरंय. पण माझा कॉम्प्युटर चार ट्रॅकनंतर धापा टाकतो, आणि दरमहा भाडं भरून वाजवणं मला पटत नाही.

सुरुवातीला मजेत चाललं. मग सूर अडकायला लागले. रेकॉर्डिंग चालू असताना स्ट्रिंग्जचा एखादा सूर लोंबकळत राहायचा, बंदच होईना. दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता 'मेन बोर्ड गेलाय' सांगितलं; खर्चाचा आकडा असा, की त्यात दुसरा मॉड्यूल आला असता. भांडलो. तपासणीचे पैसे तरीही घेतले. वैतागून विकायला काढला. बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने स्वतःचा कीबोर्ड पाच पिनांच्या वायरीने थेट जोडला आणि मनसोक्त वाजवला. एकही सूर अडकला नाही! विक्री तिथेच रद्द.

चोर निघाली ती कॉम्प्युटर मॉड्यूलला जोडणारी यूएसबी-मिडीची स्वस्त वायर. मिडी म्हणजे 'हा सूर वाजव, हा बंद कर' असे वाद्याला जाणारे संदेश. कॉम्प्युटर माहिती भराभरा ओततो, मिडीच्या तोंडातून ती सेकंदाला ३१,२५० बिट एवढ्याच वेगाने बाहेर पडते. एका सूराला साधारण एक मिलिसेकंद. मधल्या वेळात माहिती सांभाळायला वायरीच्या डबीत जागाच नसते, मग ती काही संदेश गिळते. 'सूर बंद' हा संदेश गिळला की झालं. पॅचचा (साठवलेल्या आवाजांचा) बॅकअप मॉड्यूलला परत पाठवा, तो तर अर्ध्यातच तुटतो. चहा-वडापावच्या बजेटमधली वस्तू हजारोंच्या मशीनला बदनाम करते, आणि खोक्यावर 'प्लग अँड प्ले'! पाच पिनांचा धड इंटरफेस (कॉम्प्युटर आणि मॉड्यूलमधली जोडणीची डबी) जोडल्यापासून तक्रार शून्य. किंमत मात्र अजून टोचते.

मॉड्यूलबद्दल माझं मत तिथून बदललं. खरा आनंद स्केल ट्यूनचा. सप्तकातला प्रत्येक सूर सेंटच्या (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हिशोबाने वरखाली करता येतो, तोही पार्टागणिक वेगळा. शुद्ध गंधार १४ सेंट खाली घेतला की तानपुऱ्यावर पॅड (लांबत राहणारा मऊ आवाज) कसा बसतो ते ऐकाच. गैरसोय एवढीच, की गाण्याची पट्टी बदलली की उतरवायचा सूर बदलतो: काळी चारला पांढरी एक उतरवायची, काळी एकला पांढरी चार. भावगीत-भजनवाल्यांनी यासाठी तरी विचार करावा.

तबल्यासाठी मात्र घेऊ नका. वर्ल्ड नावाच्या जादा बोर्डातले तबल्याचे बोल स्वच्छ आहेत, पण डग्ग्याची घुमक ओढून मिळत नाही. तबलजी बोलवा, स्वस्त पडेल. शिवाय सोळा पार्टांना मिळून इन्सर्ट इफेक्ट (आवाजावर चढवायची प्रक्रिया) एकच. ज्यांना तीन हवेत त्यांनी रोलंडचाच जेव्ही-२०८० बघावा.

जपानहून आलेला पीस घेत असाल तर मागे लिहिलेला व्होल्टेज आधी वाचा. १०० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे पैसे किमतीतून कापूनच बोला.