‘कुठलंही टोक लावा, चालतं’ असं म्हणणाऱ्याच्या हातात भिंत देऊ नका

टीव्हीची केबल भिंतीतून न्यायचं काम कोणाकडे चालू असेल, तर आधी हे वाचा आणि मगच सिमेंट कालवू द्या.

माझ्या घरच्या कामाच्या बिलात लिहिलं होतं: एकसंध १० मीटर ऑप्टिकल एचडीएमआय (टीव्हीला चित्र-आवाज नेणारी केबल, तांब्याऐवजी प्रकाशतंतूची), ५० मिलिमीटरचा पाइप ८ मीटर, भिंतीतले दोन बॉक्स, आत ओढायची दोरी. भिंतीतून निघालं काय? तांब्याच्या ५-५ मीटरच्या दोन केबल, मधला कपलर, म्हणजे दोन केबल जोडणारा तुकडा, थेट गिलाव्यात पुरलेला. पाइप दोन्ही बॉक्सच्या तोंडाशी वीतभर, फक्त दिसण्यापुरता. दोरी नाहीच. आणि टीव्हीची साधी विजेची वायर त्याच खाचेत, केबलला चिकटून. ती लवचीक वायर गिलाव्यात गाडायची नसतेच. विजेला वेगळा पाइप आणि टीव्हीमागे वेगळा सॉकेट लागतो.

मला सगळ्यात जास्त राग एका क्षणाचा येतो. ‘टीव्हीकडे कुठलं टोक?’ असं विचारलं, तर केबल टाकणारा म्हणाला, ‘कुठलंही लावा, चालतं.’ काम तिथेच थांबवायला हवं होतं. ऑप्टिकल केबलमधून चित्र एकाच दिशेने जातं. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असं छापलेलं असतं आणि उलटी लावली की पडदा काळा. ‘कुठलंही’ चालतंय म्हणजे केबल ऑप्टिकल नव्हतीच. हे मला पाठ आहे. तरी बोललो नाही, याची लाज वाटते. पण गवंडी माल कालवून उभा होता आणि समोर पडद्यावर स्वच्छ चित्र दिसत होतं!

ते चित्र सेट-टॉप बॉक्सचं होतं, १०८०पी, म्हणजे साधं फुल एचडी. त्याला ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात. त्याच्या चौपट बारीक ठिपक्यांच्या फोर-के ६० हर्ट्झला जवळजवळ १८. सुमार तांबं आणि मधला जोड पहिलं ओझं पेलतात, दुसऱ्याला पांढरे ठिपके चमकतात आणि चित्र दोन-दोन सेकंद जातं. म्हणून चाचणी फोर-के ६० हर्ट्झ एचडीआरवरच (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) घ्या, निदान अर्धा तास, आणि गिलाव्याआधी. साध्या तांब्याच्या केबलवर ५ ते ७ मीटरपुढे भरवसा ठेवू नका.

केबलवर ‘२.१’ हा एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा छापलाय म्हणून भुलू नका. तो आकडा केबलच्या दर्जाचा नव्हे. दर्जा असतो ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’, आणि त्याचं स्कॅन करायचं लेबल खोक्यावर असतं. ‘खोकं टाकून दिलं’ म्हणणाऱ्याची केबल परत करा. केबलचं जाकीट, म्हणजे बाहेरचं आवरणही भिंतीत घालण्याच्या दर्जाचं हवं.

पाइप २० मिलिमीटरचा देत असेल तर तोही नाकारा. एचडीएमआयचं प्लग मुठीसकट २० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं, त्यातून जातच नाही. ४० किंवा ५० घ्या. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड लावा. आडवी खाच भिंतीच्या जाडीच्या सहाव्या हिश्शाहून खोल नको.

तक्रार केंद्राचं तर काय सांगावं! पहिल्यांदा म्हणाले पक्कं बिल आणा. नेलं. मग म्हणाले केबल भिंतीत आहे, पुरावा दिसत नाही. भिंत फोडून फोटो नेले, तर म्हणाले आता काम तुम्हीच मोडलंत, मूळ स्थिती राहिली नाही. पोलिसांनी दोन ओळी वाचून ‘हा दिवाणी मामला’ म्हणत कागद परत सरकवला. पुरलेला कपलर हातात घेऊन बघायची तसदी एकाही माणसाने घेतली नाही. पुढे तक्रारीवर शेरा पडला, ‘निकाली’. कोणी काढली निकाली, कशाच्या आधारावर, याचं उत्तर कोणी देत नाही.

म्हणून खाच उघडी असतानाच फोटो काढा. शेजारी मोजपट्टी धरा, केबलवरची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून घ्या, दोन्ही टोकं एका फोटोत येऊ द्या. गिलाव्याचे पैसे त्यानंतर.