दहा रुपयांचा अर्ज, चौदा महिने वापरून

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डिसॅबिलिटी पेन्शनसाठी मेडिकलचे कागद काढायला मी माहिती अधिकाराचा अर्ज वापरतेय, त्याला चौदा महिने झाले. मध्ये एकदा मनातल्या मनात त्याला एक स्टार देऊन मोकळी झाले होते. आता चार देते. पाचवा मिळणार नाही, कारण मागची बाजू. त्यावर खाली भरपूर लिहिलंय. घाई असेल त्यांनी तेवढंच वाचलं तरी चालेल.

अण्णा तोफखान्यातले. १९८७ ला भरती, २०११ ला हवालदार म्हणून घरी. सुटतानाच्या मेडिकल बोर्डात दोन्ही कान अधू, अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी, आणि शेवटी शेरा ‘नाना’. फौजीच्या घरात याचा अर्थ सांगावा लागत नाही: आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. आमच्याकडे अण्णा आहेत, आप्पा होते; नाना एकच, तेही फायलीत. चोवीस वर्षं १०५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी कानात कापसाचे बोळे घालून उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आपोआप गेले म्हणे. नकाराचं पत्र आलं, अपिलाला सहा महिने होते. अण्णांनी पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं. वरून नाही आलं म्हणजे नाही, विषय संपला.

तेरा वर्षांनी एका लग्नात त्यांच्याच डिटॅचमेंटमधले, म्हणजे एकाच तोफेवरच्या तुकडीतले, एक काका भेटले. त्यांचेही कान तसेच, बोर्डाचा शेराही तोच, पण ते ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात, गेले आणि पेन्शन चालू झाली. हे सगळं ते अण्णांना पंगतीत बसून सांगत होते. अण्णा मान डोलवत होते. परतताना गाडीत मला विचारतात, “काय म्हणत होता गं तो?”

मी पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसते, त्यामुळे पहिला प्रश्न पैशांचाच पडला. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि राम अवतार प्रकरणातल्या डिसेंबर २०१४ च्या निकालामुळे नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांचे २० सुद्धा ५० धरले जातात. म्हणजे १५ टक्के. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल केल्याच्या आधीची तीनच वर्षं मिळते. याचा अर्थ नीट बघा. आपण एक महिना उशीर केला की मागच्या टोकाचा एक महिना गळून पडतो. हे कळल्यावर मला आठवडाभर नीट झोप लागली नाही. ट्रंकेत पडलेलं ते पत्र दर महिन्याला आमचं नुकसान करत होतं.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, “निकाल माझ्याकडे आहेत, कागद तुम्ही आणा.” धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, नंतरचा आजार नोकरीतला धरायचा, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण लिहायचं. पण भरतीच्या वेळी नोंद नव्हती हे दाखवायला भरतीचा मेडिकलचा कागद लागतो. कारण लिहिलेलं नाही हे दाखवायला एएफएमएसएफ-१६, म्हणजे सुटतानाच्या बोर्डाचा फॉर्म, पूर्ण लागतो. आणि लो मेडिकल कॅटेगरी केली, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या श्रेणीत टाकलं, तेव्हाच्या बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१५, स्पेशालिस्टच्या मतासकट. घरात होतं फक्त डिस्चार्ज बुक.

(२१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी हे जसंच्या तसं लावून घेऊ नये.)

कागद काढून देतो म्हणणारा एक एजंटही भेटला होता. थकबाकीच्या २० टक्के मागत होता. अण्णांच्या कानाचेही २० टक्के आणि याचेही २० टक्के! त्याला चहा पाजला आणि पोस्टात जाऊन दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणली.

लष्कराकडे पहिला अर्ज मी माझ्या नावाने टाकला, हा माझा गाढवपणा. कलम ८(१)(जे), त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती, नामंजूर. मुलगी असले म्हणून काय झालं, कागदाच्या लेखी मी त्रयस्थ. दहा रुपये आणि स्पीड पोस्ट पाण्यात. दुसरा अर्ज अण्णांच्या नावाने, आर्मी नंबर, रँक, युनिट घालून, त्यांच्या सहीने. तीस दिवसांची मुदत असते, सत्ताविसाव्या दिवशी उत्तर: चाळीस पानं आहेत, दोन रुपये पानाप्रमाणे ८० पाठवा. पन्नास, वीस आणि दहाच्या पोस्टल ऑर्डरी पाठवल्या. तीन आठवड्यांत जाड पाकीट घरी. त्या दिवशी विचारलं असतंत तर पाचच्या पाच स्टार दिले असते.

रात्री जेवणं आटोपल्यावर पानं लावायला बसले. पहिल्या सात पानांत काही वाटलं नाही. आठव्याच्या तळाशी छापलेलं होतं: पी.टी.ओ. उलटलं. पांढरं. दहाव्याच्या तळाशी पी.टी.ओ. उलटलं, पांढरं. अशी अकरा पानं. ज्या कुणी झेरॉक्स काढल्या त्याने प्रत्येक कागद एकदाच काचेवर ठेवला होता. २००६ च्या स्पेशालिस्टच्या कागदावर तर समोर एवढंच: ऐकण्याची तक्रार, ऑडिओग्राम मागे पाहा.

मला सांगा, दोन रुपये पानाचे म्हणजे कागदाचे की बाजूचे? कागदाचे असतील तर मला निम्मा माल आलाय. बाजूचे असतील तर अकरा बाजू मोजायच्या राहिल्यात, मग मोजा ना, बावीस रुपये देते मी. आमच्याकडे कर्जदाराने फॉर्मची मागची बाजू कोरी सोडली तर मी त्याला खुर्चीवरून उठू देत नाही. मागच्या बाजूलाच जामीनदाराची सही असते. कुठल्याही फॉर्मवर समोर नाव, गाव, पत्ता आणि अडचणीचं सगळं मागे, हे मला पुढचे दोन महिने दिसेल तिथे दिसायला लागलं: रेशनकार्ड, विम्याची पॉलिसी, औषधाचा खोका. नवरा म्हणाला, आता बास. तेव्हा तो एक स्टार दिला होता.

दरम्यान जे काही केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी एक अख्खा दिवस घालवला. त्याचा कायदा वेगळा, तिथला ४० टक्क्यांचा हिशोब वेगळा, लष्करी पेन्शनशी त्याचा काही संबंध नाही. खासगीत कानाच्या डॉक्टरांकडून पत्र आणलं, त्यात लिहिलेलं ‘दोन्ही कानांनी कमी ऐकू येते’. ते तर आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, आमचा टीव्ही तिसऱ्या घरात ऐकू जातो. डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं ते कारण, कोणत्या पट्टीत किती डेसिबल, आणि जुन्या तपासणीशी ते जुळतं का. पण जुनी तपासणी हातात असेल तर ना. ती होती मागच्या बाजूला.

मागच्या बाजूंसाठी माहिती अधिकारातलं पहिलं अपील टाकलं, त्याला फी नाही. त्यानंतर एक फोन आला, पण अर्जावर नंबर अण्णांचा होता. मी कामावर. अण्णांनी फोन घेतला, “जी साब, ठीक है साब” असं तीन-चारदा म्हणाले आणि ठेवला. संध्याकाळी विचारलं, कोण होतं? “कोणीतरी साहेब होते. तब्येतीचं विचारत होते.” तब्येतीचं! मी त्या नंबरवर फोन लावला.

इथवरचं रागात लिहून ठेवलं होतं, तसंच राहू देते. पण पुढचं सांगितलं नाही तर अन्याय होईल. पलीकडे एक सुभेदार साहेब होते. मी भांडायच्या तयारीने पान नंबर आठ, दहा, बारा वाचायला लागले, तर ते म्हणाले, “बेटी, पीछे का साइड चाहिए ना? लिख के दिया होता तो उसी दिन कर देते.” मग त्यांनी मूळ फाइल पुढ्यात घेतली आणि माझ्याबरोबर एकेक पान लावलं. अकरा सांगितली होती, त्यांना चौदा सापडली. नवव्या दिवशी स्पीड पोस्टाने चौदा पानं दारात, एक रुपयाही न मागता.

म्हणजे दोष अर्जाचा की माझा? अर्धा अर्धा म्हणू. अर्जात फक्त एक ओळ घाला: सर्व कागदांच्या दोन्ही बाजूंच्या छायाप्रती द्याव्यात. आणि ऑफिस जवळ असेल तर सरळ फाइल बघायला मागा. पहिला तास फुकट, पुढे तासाला पाच रुपये. पार्किंगलाही याहून जास्त पडतात. आम्हाला अंतर परवडलं नसतं, नाहीतर मी तिथे डबा घेऊनच गेले असते.

आता ती २००६ ची मागची बाजू. ऑडिओग्राम म्हणजे एक चौकटीचा आलेख, वरून खाली डेसिबल, डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी. उजव्या कानाला गोल, डाव्याला फुली. झेरॉक्समध्ये लाल-निळं गेलं तरी गोल आणि फुली कळतात. दोन्ही रेघा बऱ्यापैकी सपाट येतात, ४००० हर्ट्झला एकदम खड्ड्यात पडतात आणि ८००० ला परत वर चढतात. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण, हे मला ऑडिओमेट्री करणाऱ्या बाईंनी सांगितलं. वयाने गेलेल्या कानाची रेघ खड्ड्यातून वर येत नाही, उतरतच जाते. अण्णांचा आजचा आलेख काढला तर तो उतरताच आला, कारण वयाने तो खड्डा बुजवून टाकलाय. नव्या तपासणीला मोजलेले पैसे गेले म्हणा. म्हणून तर एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या एका कागदाचं मोल. आलेखाखाली लष्करी डॉक्टरांच्याच अक्षरात एक ओळ आहे, तोफेच्या आवाजाचा पूर्वेतिहास. बोर्डाने ‘नाना’ लिहिलं त्याच्या पाच वर्षं आधीची. आणि एएफएमएसएफ-१६ च्या मागे, जिथे कारण लिहायचं, तिथे अर्धी ओळ: नोकरीशी संबंध नाही. का नाही, ते नाही.

वकीलबाई हा कागद बघून पहिल्यांदा हसल्या. ट्रायब्युनलच्या मुंबई बेंचकडे अर्ज दाखल झालाय, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह. पुढची तारीख पडलीय. माहिती अधिकारावरचा माझा आजवरचा खर्च, स्पीड पोस्ट धरून, पाचशेच्या आत. वकिलांची फी वेगळी आणि ती सांगणार नाही.

त्या रात्री आलेख अण्णांसमोर धरला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितला. म्हणाले, “आठवतंय मला. हेडफोन लावून बसवलं होतं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मी बसलोय, बसलोय. मला वाटलं, मशीन अजून चालूच केलं नाही.”