घोट्याचा लिगामेंट फाटला: प्लास्टर, ब्रेस की ऑपरेशन?

पायरी चुकते, पाऊल आत वळतं, 'कट्' असा आवाज येतो आणि तासाभरात घोट्याच्या बाहेरच्या अंगाला अंड्याएवढी सूज चढते. घरात लगेच दोन तट पडतात: एकाला एमआरआय हवा असतो, दुसरा म्हणतो, "मुरगळलाय नुसता, चोळून काढ." चोळू तर नकाच. पण एमआरआयचीही एवढी घाई नको.

पहिला प्रश्न हाडाचा. त्यासाठी 1992 पासून वापरात असलेले ओटावा नियम पुरेसे आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं उंच हाड किंवा कमानीच्या आतल्या बाजूचं हाड दाबल्यावर दुखतं का? चार पावलं टाकता येतात का? दुखत असेल किंवा चालताच येत नसेल, तर एक्स-रे काढा. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा बंध, मात्र एक्स-रेत दिसत नाही. तो तपासायचा हातानं, आणि तेही चौथ्या-पाचव्या दिवशी. पहिल्या दिवशी सूज आणि वेदनेमुळे स्नायू आखडलेले असतात, काही कळत नाही. डॉक्टर एका हातानं नडगी धरतात, दुसऱ्यानं टाच पुढे ओढतात. पाऊल दुसऱ्या पायापेक्षा जास्त सरकलं, घोट्यापुढे खळगा पडला, की लिगामेंट तुटल्याची शंका पक्की होते. सोनोग्राफीत तो दिसतो. एमआरआयचा खरा उपयोग कूर्चेला इजा झाल्याचा संशय असेल किंवा महिने उलटूनही दुखत असेल तेव्हा.

आता उपचार. प्लास्टरनं सुरुवातीला ठणका थांबतो, म्हणून ते बरं वाटतं. पण ते दहा दिवसांपलीकडे गेलं की सांधा आखडतो, पोटरी वाळते. ब्रेस म्हणजे घोट्याला बांधायचा, काढता-घालता येणारा आधार. त्यात पाऊल वर-खाली हलतं, आत वळत नाही. चार ते सहा आठवडे तो घालायचा आणि सोसेल तसं वजन टाकत चालायचं. माझं मत ब्रेसच्या बाजूनं, लिगामेंट पूर्ण तुटला असला तरी. अट एकच: व्यायाम टाळायचा नाही. हवेत अंगठ्यानं बाराखडी गिरवा, पुढे दात घासताना एका पायावर उभे राहा. लिगामेंट सांधला तरी तोल आपोआप परत येत नाही, आणि पाय पुन्हा मुरगळतो तो बहुधा त्यामुळेच. ब्रेस घेऊन व्यायाम न करणारे बरेच भेटतात. त्यांनी ब्रेसला दोष देऊ नये.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. ब्रोस्ट्रॉम पद्धतीत फाटलेला लिगामेंट ओढून पुन्हा टाचतात. ती 1966 पासूनची. पण चीर आली की जंतुसंसर्गाची, त्वचेच्या नसेला इजा होण्याची जोखीम आली. तीन ते सहा महिने नेटानं व्यायाम करूनही सपाट रस्त्यावर घोटा दगा देत असेल, तर मात्र अंगावर काढू नका. काही व्यावसायिक खेळाडू आधीच ऑपरेशन करून घेतात. त्यांचं गणित वेगळं.

दुखणं घोट्याच्या वर असेल, पोटरी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर खाली कळ येत असेल, तर वरचं काहीच लागू नाही. तिथे नडगीची दोन हाडं जोडणारे बंध दुखावलेले असू शकतात, आणि त्यात वजन टाकत चालण्याची घाई महागात पडते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.