किझीलजवळच्या ओगमधला दोन रात्रींचा मुक्काम : एक परीक्षण

माझ्या मामांच्या तिकीटसंग्रहात तन्नू-तुवा नावाच्या देशाची तिकिटे होती. काही त्रिकोणी, काही शंकरपाळ्याच्या आकाराची, आणि त्यांवर याक, उंट, कुस्तीगीर. शाळेच्या नकाशात हा देश कधीच सापडला नाही, कारण १९२१ मध्ये प्रजासत्ताक झालेला हा मुलूख १९४४ मध्ये सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आला. आज तो तुवा या नावाने रशियन संघराज्यातला, मंगोलियाच्या सीमेला लागून असलेला एक घटक आहे. यंदा जुलैमध्ये तिथे जाण्याचा योग आला आणि राजधानी किझीलपासून गाडीने तासाभरावर, एका तुवा कुटुंबाने चालवलेल्या छावणीत आम्ही दोन रात्री राहिलो.

तुवात रेल्वे अजून पोचलेली नाही. उत्तरेकडच्या अबाकान शहराहून सायान पर्वत ओलांडत सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता गाडीने कापावा लागतो. बी-खेम आणि का-खेम या दोन नद्या किझीलला एकत्र येतात आणि तिथून येनिसेई सुरू होते. तिला तुवा लोक उलुग-खेम, म्हणजे थोरली नदी, म्हणतात.

तुवा भाषेत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूला ओग म्हणतात. छावणीत असे पाच ओग आहेत आणि त्यांतल्या एकात हे कुटुंब स्वतः राहते, ही या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू. उन्हाळ्याच्या मुक्कामाला ते चायलाग म्हणतात. थंडी सुरू झाली की मेंढ्यांसह किश्तागवर, म्हणजे हिवाळी मुक्कामाला, जातात. पाहुणे येवोत न येवोत, दूध काढण्याची वेळ बदलत नाही. आमच्या ओगमध्ये मधोमध लोखंडी शेगडी होती आणि दारासमोरच्या मानाच्या जागी रंगवलेल्या लाकडी पेट्या होत्या. अंथरूण स्वच्छ होते, पण पहाटे गारठा इतका वाढतो की शेगडीत लाकूड टाकायला कोणालातरी उठावेच लागते. त्याची तयारी ठेवूनच जावे.

पहिल्या सकाळी घरातल्या बाई चहाचे पहिले भांडे घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या हातात लाकडाची एक पळी होती. तिच्या पुढच्या चपट्या भागावर नऊ छोटे खळगे कोरलेले होते. तिला तोस-काराक, म्हणजे नऊ डोळ्यांची, म्हणतात. त्या पळीने त्यांनी चहाचे थेंब आकाशाकडे आणि चारही दिशांना उडवले, काही पुटपुटल्या, आणि मगच आम्हाला चहा मिळाला. हा चहा दूध आणि मीठ घालून केलेला असतो. पहिला घोट अनोळखी लागतो, परंतु सोबत भाजलेल्या सातूचे पीठ, ज्याला ते दालगान म्हणतात, कालवून खाल्ले की पोटाला आणि जिभेलाही ते ओळखीचे वाटू लागते. जेवणात मटण आणि दुधाचे पदार्थच प्रामुख्याने असल्यामुळे शाकाहारी मंडळींनी आधी स्पष्ट कळवणे आवश्यक आहे.

संध्याकाळी खोमेईचे गायन झाले. एकाच गळ्यातून एकाच वेळी खालचा अखंड स्वर आणि त्यावर शिट्टीसारखी चाल निघते, हे वाचून माहीत होते. पण समोर तीन हातांवर बसून ऐकताना मला आठवला तो तानपुरा. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपल्याला ऐकू येतो, तसेच स्वर हा गायक जिभेच्या आणि ओठांच्या हालचालीने निवडून काढतो, एवढेच नव्हे तर त्यांची चाल बांधतो. घोड्याचे डोके कोरलेला दोनतारी इगिल मांडीवर घेऊन त्याने आधी सिगित या गानप्रकारातली तीक्ष्ण शिट्टी ऐकवली आणि मग कार्गिरा या दुसऱ्या प्रकारातला असा खर्ज लावला की शेजारच्या पेटीवरची वाटी थरथरली. हा तासभर एकट्याने सगळ्या भाड्याची भरपाई करतो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

एक बाजू मात्र खरोखर निराशाजनक ठरली. ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत आम्ही नोंदणी केली होती, तिने पाठवलेल्या मार्गदर्शकाचा इतिहास १९४४ पासून सुरू होत होता. चीनच्या मांचू सत्तेविरुद्ध १८८३ ते १८८५ या काळात उठलेल्या आणि ‘साठ वीर’ म्हणून आजही आदराने स्मरल्या जाणाऱ्या बंडखोरांचा उल्लेख नाही, १९४० मध्ये तुवाच्या राष्ट्रप्रमुखपदी आलेल्या खेरतेक आंचिमा या बाईंचाही नाही. बौद्ध मठांविषयी विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. रात्री घरातल्या आजींनी पेटीतून रेशमी कापडात गुंडाळलेली जुनी पोथी काढून आमच्यासमोर उलगडली. १९३०च्या दशकात मठ पाडले गेले आणि लामांना धरून नेले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती जमिनीत पुरून वाचवली होती, असे त्यांच्या नातीने आम्हाला रशियनमधून समजावून सांगितले. तुवातल्याच चादान गावचा मठ पुन्हा उभा राहिला तो २०१२ मध्ये. आपण तिथे जाऊन आल्याचे सांगताना आजींचा हात पोथीवरच होता.

माझा सल्ला असा की मध्यस्थ टाळून कुटुंबाशी थेट बोलावे आणि थोडे रशियन येणारा माणूस सोबत घ्यावा. एक रात्र पुरेशी नाही, कारण पहिल्या दिवशी आपण पाहुणे असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला मेंढ्या आवरायला दोर धरून उभे केले होते.